सूज आणि बाळसे

मराठीत भरल्या देहासाठी कौतुकाचे शब्द पुष्कळ आहेत. गुटगुटीत, गुबगुबीत, बाळसेदार, अंगापिंडाने भरलेला, खात्यापित्या घरचा. हे शब्द देहाला उद्देशून उच्चारले जात असले, तरी त्यांतली स्तुती देहापाशी थांबत नाही. त्या देहाला खाऊ घालणाऱ्या हातापर्यंत ती जाऊन पोचते. मूल गुटगुटीत असले की त्याच्या आजीला कृतार्थ वाटते, आणि ते रोडावले की पाहुणे मुलाकडे न पाहता स्वयंपाकघराकडे पाहतात. १९७२चा दुष्काळ ज्यांनी कळत्या वयात पाहिला, सुकडी आणि मिलो यांची चव ज्यांच्या जिभेवरून अजून गेलेली नाही, त्यांना लठ्ठपणा हा रोग आहे असे सांगितले तर ते ऐकून घेतात. पटवून घेत नाहीत.

कौतुकाच्या या सगळ्या शब्दांना शह देणारा एकच शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे सूज. 'ही सूज आहे, बाळसे नव्हे', असे जुन्या बायका तान्ह्या मुलाच्या गालाला बोट लावून सांगत. पुढे हे वाक्य समीक्षेत शिरले आणि आमच्या पिढीने ते इतके वापरले की त्याची धार बोथट झाली. सहाशे पानांची कादंबरी हाती आली आणि तिच्यातली दोनशे पाने वर्णनांनी फुगलेली दिसली, की हे वाक्य लेखणीतून आपोआप उतरत असे. मीही ते लिहिले आहे, आणि ज्या कादंबऱ्यांविषयी लिहिले त्यांच्या बाबतीत ते आजही मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र हे वाक्य त्याच्या मूळच्या अर्थाने, म्हणजे बोटाने दाबून पाहण्याच्या अर्थाने, एक दिवस माझ्याच घरात आणि तेही एका बोक्याविषयी उच्चारले जाईल, याची कल्पना नव्हती.

बडोद्याच्या आमच्या घरात चार मांजरे आहेत. जनी सर्वांत वडील. ती पंधरा वर्षांची झाली. मोरोपंत आणि बयो ही भावंडे. माझी मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा ती मागे ठेवून गेली. टिपू हा सर्वांत धाकटा, जिन्याखाली सापडलेला. मोरोपंताचे नाव मुलीने ठेवले नसून मी ठेवले. लहानपणी तो न थांबता, एका श्वासात, लांबच लांब ओरडत असे. त्या अखंड रचनासामर्थ्याला दुसरे कुठले नाव शोभले असते? पुढे त्याने नावाची लाज राखली ती विस्ताराच्या बाजूने. माणसांत म्हणाल तर मी आणि माझी थोरली बहीण अक्का. मेहुण्यांच्या निधनानंतर २०११ साली ती मिरजेहून आमच्याकडे आली. तिने आयुष्यभर माणसे जेवू घातली. सासरचे मोठे कुटुंब, शिकायला ठेवलेली पुतणी-भाचरे, माधुकरी मागणाऱ्या शेवटच्या एक-दोन मुलांची आठवणही तिला आहे. बडोद्यात तिला जेवू घालायला मी एकटाच उरलो, आणि माझी भूक बेताची. तेव्हा तिचा हात मांजरांकडे वळला, हे अगदी स्वाभाविक होते.

२०२३च्या जूनमध्ये मोरोपंताच्या पाठीवर, शेपटीच्या थोडे वर, केसांच्या गुठळ्या दिसू लागल्या. मांजर हा किती टापटिपीचा प्राणी! त्याला स्वतःची पाठ चाटता येईना, याचे कारण त्याची जीभ तिथपर्यंत पोचत नव्हती. मध्ये पोट येत होते. पशुवैद्य बाईंनी त्याला टेबलावर ठेवले, दोन्ही हातांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या आणि मग माझा हात हाती घेऊन मला एक धडा दिला. मूठ वळा, म्हणाल्या, आणि बोटांच्या पेरांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या अशा टोचत असतील तर मांजर हडकुळे. आता पंजा सरळ करा आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवा. हाडे लागतात, पण वर पातळ आवरण आहे. असे लागले तर मांजर उत्तम. आता पंजा उलटा करा आणि तळव्यावरून बोटे फिरवा. मी फिरवली. मांसल तळव्याखाली हाड शोधावे लागत होते. तुमचा मोरोपंत असा आहे, त्या म्हणाल्या. एक ते नऊ अशा त्यांच्या मोजपट्टीवर पाच हा आदर्श. मोरोपंत नऊवर होता. वजन ७.२ किलो. ते असायला हवे होते पाचच्या आसपास. बयो ५.३, तीही सातावर. टिपू ठीक. आणि जनी २.७, वर्षभरापूर्वी ती ३.४ होती. म्हणजे एकाच घरात, एकाच हातचे खाऊन, दोघे फुगत होते आणि एक झिजत होती.

शारीरिक कारणांचा त्यांनी चटकन उलगडा केला. नसबंदी झालेल्या मांजराची ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते. घरात शिकार नाही, धावपळ नाही, हद्दीसाठी भांडण नाही. लठ्ठ मांजराला मधुमेह होण्याचा धोका चौपटीपर्यंत जातो, आणि एकदा तो झाला की बहुधा दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचावे लागते. सांधे दुखतात, पण मांजर ते सांगत नाही. ते फक्त उडी मारायचे सोडून देते. आपल्याला वाटते, स्वभाव शांत झाला.

घरी येऊन हे मी अक्काला सांगितले, तेव्हा तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग आठवड्याला एक एकादशी घडवू या की त्याला."

हा उपाय सरळ वाटतो, पण मांजराच्या बाबतीत तो जिवावर बेततो. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस अन्नावाचून राहिले, तर अंगातली चरबी एकदम यकृताकडे धाव घेते, यकृताला ती पचवता येत नाही, आणि मांजर दगावू शकते. कुत्रा किंवा माणूस जसा उपासाने हळूहळू वाळतो तसे मांजराचे नाही. त्याचे वजन उतरवायचे ते दर आठवड्याला शेकडा अर्धा ते एक या गतीने. मोरोपंताच्या हिशेबाने आठवड्याला छत्तीस ते बहात्तर ग्रॅम, म्हणजे फार तर एका मोठ्या लिंबाएवढे.

मला इथे आपल्या परंपरेतली मांजरे आठवली. उपास करणारे मांजर हा संस्कृत वाङ्मयाने पिढ्यान् पिढ्या चालवलेला विनोद आहे. पंचतंत्रातल्या काकोलूकीयात ससा आणि कपिंजल पक्षी आपला तंटा घेऊन नदीकाठच्या व्रतस्थ मांजराकडे जातात आणि दोघेही त्याच्या पोटात जातात. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी हात उभारून तप करणाऱ्या बोक्याची कथा येते, तिथे उंदीर एकेक करून कमी होत जातात. मनुस्मृतीने तर ढोंग्याला बैडालव्रतिक असे नावच देऊन टाकले. मामल्लपुरम् येथे सातव्या शतकातला तो प्रचंड शिल्पपट आहे, कोणी त्याला अर्जुनाची तपश्चर्या म्हणतात, कोणी गंगावतरण. त्यात मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पाय डोक्यावर उंचावलेला बोका आहे आणि त्याच्याभोवती उंदीर. चेन्नईच्या एका चर्चासत्रानंतर मी तो पाहिला होता, तेव्हा शिल्पकाराच्या खोडकरपणाला दाद देऊन पुढे गेलो होतो.

या सगळ्यांत हितोपदेशातला दीर्घकर्ण नावाचा बोका मला आता सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. आंधळ्या गिधाडाचा विश्वास मिळवण्यासाठी तो सांगतो की मी गंगेत नित्य स्नान करतो, मांस वर्ज्य केले आहे आणि चांद्रायण व्रत करतो. चांद्रायण म्हणजे काय? शुक्ल पक्षात चंद्रकलेबरोबर रोज एक घास वाढवायचा, कृष्ण पक्षात रोज एक कमी करायचा, अमावास्येला निराहार. घासांची मोजदाद असलेला हा आहार एका बोक्याच्या तोंडी घालणाऱ्या नारायण पंडिताला मांजर चांगले कळत होते, असे मी म्हणेन. कारण दीर्घकर्णाच्या तिन्ही प्रतिज्ञा मांजराला मुळातच अशक्य आहेत. स्नान त्याला नको असते. उपास त्याला मारतो. आणि मांस सोडणे तर त्याच्या शरीरालाच मान्य नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला मांसातूनच मिळवावे लागते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिला. म्हणजे कथाकारांना जे ढोंग वाटले, ते ढोंग नसते तर तो बोका मेला असता.

दुधाविषयीही असेच. मांजर आणि दूध यांचे लग्न आपल्या भाषेने लावून दिले आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, शिंके तुटते आणि बोक्याचे फावते. वाक्प्रचारांच्या जगात मांजराला दुसरे अन्नच नाही. वस्तुतः मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही. गोडी तर त्यांना कळतच नाही. जिभेवर गोड चव टिपणाऱ्या यंत्रणेतला एक जनुक मांजरवर्गात निकामी झालेला आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा अक्काने दिलेला पेढा मोरोपंत ज्या तन्मयतेने खात असे, ती तन्मयता साखरेसाठी नव्हती, खव्यातल्या स्निग्धतेसाठी होती. हे मी अक्काला सांगितले तेव्हा तिला वाईट वाटले. इतकी वर्षे आपण गोड भरवले आणि ते त्याला लागलेच नाही, याचे.

मग आकडे आले. पाच किलोच्या मांजराच्या विश्रांतीच्या गरजेचा हिशेब करून त्याच्या ऐंशी टक्के द्यायचे, असे सूत्र. ते मोरोपंताला दिवसाला सुमारे १८७ कॅलरी इतके येत होते. म्हशीच्या दुधाच्या अर्ध्या पेल्यात, शंभर मिलिलिटरमध्ये, शंभराच्या आसपास कॅलरी असतात. चमचाभर तुपात पंचेचाळीस. एका पोळीत ऐंशी-नव्वद. सकाळची तूप-पोळी आणि दुपारचे दूध एवढ्यातच त्याचा दिवस संपून वर उधारी होत होती, आणि जेवण अजून व्हायचे होते. बाईंनी लिहून दिले: कोरडे खाद्य ३० ग्रॅम, ओले खाद्य ८५ ग्रॅमचे एक पाकीट, चार वेळांत विभागून. दूध, तूप, पोळी बंद. मात्रा हा शब्द छंदःशास्त्रात आहे आणि वैद्यकातही आहे. आर्या लिहिणाऱ्याच्या नावाच्या बोक्याला मात्रांचा हिशेब परका नसावा, अशी माझी समजूत होती.

ती टिकली नाही. एकच मांजर असते तर हे सारे वाटीत तोलून देण्याइतके सोपे होते. घरात चार असली की प्रश्नाचे रूपच बदलते. मांजर हा एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे. उंदराएवढी लहान शिकार दिवसातून दहा-वीस वेळा, कोणाशी न वाटता. पंगत ही त्याची कल्पना नव्हे. आपण चार बशा ओळीने मांडतो आणि चार शेपट्या ओळीने पाहून सुखावतो, तेव्हा त्या चौघांच्या मनात सहभोजनाचा आनंद नसून घाई असते. मोरोपंत आपली बशी अर्ध्या मिनिटात संपवी, मग सावकाश उठून जनीच्या शेजारी उभा राही. तो गुरगुरत नसे, पंजा मारत नसे. नुसता उभा राही. जनी दोन घास घेऊन बाजूला होई. हे कित्येक महिने आमच्या डोळ्यांदेखत चालले होते, आणि 'जनी फार मवाळ, भावासाठी सोडते' असा त्याचा अर्थ घरात लावला जात होता. प्राण्यांच्या वागण्यावर आपले कौटुंबिक सद्गुण चढवण्याची आपली हौस दांडगी. आणि बश्या भरून ठेवून दिल्या, ज्याला हवे त्याने हवे तेव्हा खावे असे केले, तर कोण किती खातो हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

बंगालमध्ये षष्ठीदेवीच्या व्रताची एक कथा सांगतात. ही षष्ठी म्हणजे आपली सटवाई. तिकडे तिचे वाहन मांजर आहे. एका घरची धाकटी सून चोरून खाते आणि आळ घरच्या काळ्या मांजरावर घालते. अपमानित मांजर तिची मुले एकामागून एक उचलून देवीकडे नेते. कथेचा शेवट क्षमेत होतो, पण मला तिच्यातला प्रारंभ आठवत राहिला. भरल्या घरात अन्न नाहीसे होते, आणि कोणी खाल्ले याचा निवाडा ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर ढकलला जातो. आमच्याकडे उलट होते. मांजर खात होते आणि आम्ही आळ कोणावरच घालत नव्हतो.

तेव्हा भोजनाच्या वेळा बांधल्या आणि दारे लावायला सुरुवात केली. मोरोपंत माझ्या अभ्यासिकेत, बयो न्हाणीघरात, टिपू गॅलरीत. जनीसाठी स्वयंपाकघरातल्या फडताळावर जागा केली. ती हलकी, खुर्चीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फडताळावर सहज जाई. मोरोपंताला खुर्चीच जड जात होती. वीस मिनिटांनी दारे उघडायची, उरलेले उचलायचे, उरलेल्याचे वजन वहीत लिहायचे. आयुष्यभर संशोधनाच्या टिपणवह्या ठेवलेल्या माणसाला हे कठीण नव्हते. वजनाची मात्र पंचाईत होती. घरातल्या काट्यावर बोका कडेवर घेऊन उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे, ही रीत आठवड्याला तीस-चाळीस ग्रॅमचा फरक दाखवायला पुरत नाही. एकदा रद्दीवाल्याच्या आकड्याच्या काट्याला पिशवीत घालून त्याला टांगले. रद्दीवाल्याने भाव विचारला नाही, हा त्याचा सभ्यपणा. शेवटी तान्ह्या मुलांना तोलण्याचा काटा आणला. त्या थाळीत तो असा पसरे की एखाद्या बारशाला आल्यासारखे वाटे.

पहिले तीन आठवडे घरात झोप नव्हती. पहाटे साडेचारला अभ्यासिकेच्या दाराशी आर्या सुरू होत. शेजारी राहणाऱ्या गुजराती बेन गॅलरीतून कळवळून म्हणत, "बिचारो भूख्यो छे," आणि कठड्यावरून दुधाची वाटी पुढे करत. त्यांना समजावायला मला दोन संध्याकाळी लागल्या. दूध नाकारणे हे त्यांच्या दृष्टीने जवळजवळ पाप होते, आणि एका प्राध्यापकाने ते शिकवावे याचे त्यांना नवल वाटले.

पण खरी अडचण शेजारी नव्हती.

अक्काला १९९८पासून मधुमेह आहे. तिच्या आहाराचा तक्ता आमच्या फ्रिजवर लावलेला असतो: सकाळी दोन फुलके, तूप नाही, दुपारी एक भाकरी, भात पाव वाटी, गोड नाही, आंबा एक फोड. मिरजेला असताना तिचा हा तक्ता तिचा मुलगा पाही, इथे मी पाहतो. ती कधी कुरकुरत नाही. मात्र माझ्या हळूहळू लक्षात आले होते की सकाळी ती माझ्यासाठी पोळ्या लाटते, शेवटची पोळी लहान करते, तिला तूप लावते, हाताने कुस्करते आणि मोरोपंताला घालते. जे तिला खाता येत नाही ते ती त्याला खाताना पाहते. हे मी तिला कधी बोलून दाखवले नाही. बोलण्याने त्या गोष्टीचा चुरा झाला असता.

आता त्याच फ्रिजवर, तिच्या तक्त्याशेजारी, मी मोरोपंताचा तक्ता लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोळपाटापाशी उभी राहिली, शेवटचा उंडा हातात घेतला आणि परत परातीत ठेवला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मला तोलतोस. आता त्यालाही तोल."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. यकृत, इन्शुलिन, सांधे हे सगळे खरे होते. पण ती जे बोलली तेही खरे होते. ज्या बाईने सत्तर वर्षे वाढले तिच्या हातातून पळी काढून तिथे काटा दिला की तिचे काय उरते? म्हातारपणी माणसाची खाण्याची मुभा जाते, ती ते सोसते. पण खाऊ घालण्याची मुभा जाणे तिला अपमानासारखे वाटते. मला असेही वाटले की लठ्ठ मांजरे बारीक करण्याविषयी जे लिहिले जाते, त्यात मांजरांची माहिती पुष्कळ असते आणि खाऊ घालणाऱ्याची फारशी नसते. घरातला एखादा माणूस गुपचूप देतो, त्यामुळे वजन उतरत नाही, एवढे म्हणून विषय संपवतात. तो का देतो, हे पुसायला कोणी थांबत नाही.

तोड निघाली ती पशुवैद्य बाईंच्या एका सहज बोलण्यातून. त्यांनी विचारले, तो पळतो का? मी म्हटले, कशासाठी पळेल? त्या म्हणाल्या, दाण्यासाठी. कोरड्या खाद्याचा दाणा फेका, तो धावेल, खाईल. दुसरा उलट दिशेला फेका. बशीतले अन्न त्याला आयते मिळते, फेकलेले धरावे लागते. हे मी घरी येऊन अक्काला सांगितले. दुपारच्या वाटणीचे पंधरा ग्रॅम मी स्टीलच्या छोट्या वाटीत तोलून तिच्याजवळ ठेवू लागलो. ही तुझी वाटी, म्हटले, यातले केव्हा आणि कसे द्यायचे ते तू ठरव. एवढेच की दुसरे काही नाही.

दोन दिवस वाटी तशीच परत आली आणि मीच ती बशीत ओतली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाचत बसलो असताना मधल्या खोलीत धप्प असा आवाज झाला. अक्का सोप्यावरच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर वाटी, आणि लहानपणी आम्ही चिंचोके उडवत असू त्या पद्धतीने अंगठ्याने एकेक दाणा फरशीवर उडवत होती. मोरोपंत धावत होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; तो घाईने चालत होता. पण चालत होता. साठ-सत्तर दाण्यांना पाऊण तास गेला. पुढे ती त्याला जागा बदलून चकवू लागली, दाणा पायपुसण्याच्या घडीत लपवू लागली, रिकाम्या धाग्याच्या रिळाखाली ठेवू लागली. बयोलाही तिने यात ओढले, पण वेगळ्या वेळी. नेम चुकला की स्वतःवरच चिडे. दुपारी पडून राहण्याची तिची सवय त्यात गेली आणि हातातली थरथर असूनही तिचा नेम सुधारला. तरी ती अधूनमधून म्हणतेच, "उपाशी ठेवलंय बाई तुला तुझ्या मामानं." मामा म्हणजे मी. हे नाते मोरोपंताला तिने लावून दिले आहे.

वजन सरळ रेषेत उतरत नाही. २०२३च्या दिवाळीत पाहुण्यांच्या वर्दळीत तीन आठवडे काटा हलला नाही, एकदा तर वीस ग्रॅम वर गेला. त्या वेळी वाटी कमी करण्याचा मोह होतो. बाईंनी तो करू दिला नाही. जानेवारीत पुन्हा उतार सुरू झाला. २०२४च्या जूनमध्ये मोरोपंत ५.६ किलो होता. बावन्न आठवड्यांत एक किलो सहाशे ग्रॅम, म्हणजे आठवड्याला सरासरी तीस. बयो ४.४वर आली. पाठीवरचे केस मोकळे झाले; आपली पाठ आपल्याला चाटता येते हे कळल्यावर त्याने काही दिवस दुसरे कामच केले नाही. त्याच्या पोटाखाली कातड्याची एक सैल झोळी लोंबते. ती चरबी नव्हे, बऱ्याच मांजरांना ती असतेच, पण अक्का तिच्याकडे बोट दाखवून सांगते, बघ किती वाळला.

जनीची गोष्ट निराळी. तिच्या तपासण्या झाल्या, मूत्रपिंडे थकली आहेत असे निघाले. तिच्या बाबतीत मोजमाप उलटे: ती जे खाईल ते, जेव्हा खाईल तेव्हा, कोमट करून, थोडे थोडे. एकाच्या बशीतून दाणे काढून घ्यायचे आणि दुसरीच्या बशीपाशी आर्जवे करत बसायचे, हे एकाच घरात एकाच वेळी चालते. अक्काने हे काम आपणहून आपल्याकडे घेतले. फडताळापाशी उभी राहून ती जनीला बोटाने भरवते, आणि तिथे तिला कोणी तोलत नाही. जनी पुन्हा तीन किलोंच्या जवळ आली आहे. किती दिवस, हे बाई सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ. फडताळावर जनीची बशी होती, अक्का औषध घ्यायला आत गेली होती. मी दारातून पाहिले: मोरोपंत खुर्चीवर चढला. चार वर्षांत मी त्याला खुर्चीच्या वर पाहिले नव्हते. खुर्चीवरून त्याने ओट्याचा अंदाज घेतला, मागचे पाय आखडले आणि उडी मारली. ओट्यावरून दुसरी. फडताळावर पोचल्यावर तो जनीच्या शेजारी, पूर्वीसारखाच, नुसता उभा राहिला. जनी दोन पावले मागे सरली. त्याने बशी साफ केली.

अक्का बाहेर आली, तिने वर पाहिले आणि टाळीच वाजवली. "अरे, चढला की रे!" म्हणाली. मग तिचे लक्ष रिकाम्या बशीकडे गेले.

आता जनीची बशी अक्काच्या खोलीत असते, दाराला आतून कडी लावून.